फाटक्या कडेचं कात्रण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या व्हिजन बोर्डाचा, म्हणजे आयुष्यात हवं ते चित्रांनी लावलेल्या पुठ्ठ्याचा, फोटो परवा रात्री मिळाला. चष्मा लावून, बोटांनी मोठा करून दोन-तीनदा नीट पाहिला. खाली तू लिहिलं होतंस, "बाई, महिना झाला व्हिजन बोर्ड करून. त्याच्याकडे बघितलं की काहीच वाटत नाही. मला स्वप्नंच नाहीत का?" या एका प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. फोनवर बोलून भागणार नाही असं वाटलं, म्हणून पत्र लिहायला बसले.

स्वप्न आहे. तुझ्याच बोर्डावर आहे, खाली उजव्या कोपऱ्यात.

वरची चित्रं आधी बघ. समुद्राकडच्या खिडकीशी पांढरा सोफा, ब्लेझर घातलेली पाठमोरी बाई, आयफेल टॉवर, सरकारी पाटीची गाडी. सगळी पिंटरेस्टवरून घेऊन झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून आणलेली, पट्टी लावून कापलेली. आणि कोपऱ्यात राहीबाई पोपेरे यांचं वर्तमानपत्रातलं कात्रण. त्याची कड वेडीवाकडी आहे, शेजारच्या जाहिरातीचं अर्धं अक्षर सोबत फाटून आलंय. मी पस्तीस वर्षं मुलांचे कागद हाताळले. कुठे हात रेंगाळला आणि कुठे धावला, ते मला कागदावर दिसतं. ते कात्रण दिसताक्षणी तू हाताने फाडलंस, कात्री शोधायला उठली नाहीस. बाकीची चित्रं तू निवडलीस. या एका चित्राने तुला निवडलं.

राहीबाई अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने गावरान वाणांचं बी जमवलं, जपलं, बायकांना वाटलं, त्याची बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आता स्वतःला एकच विचार: त्या कात्रणात तुला कशाने ओढलं? पुरस्काराने, की मागे दिसणाऱ्या बियांच्या गाडग्यांनी? घाईने उत्तर देऊ नकोस. दोन्ही उत्तरं चालतील, पण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. पहिलं असेल तर तुला लोकांसमोर उभं राहायचंय. दुसरं असेल तर हात मातीत घालायचेत. तू बी.एस्सी. अ‍ॅग्री मन लावून केलंस, आणि आजीने राखेत घोळवून ठेवलेलं पावट्याचं बी मला दाखवायला डब्यातून घेऊन आली होतीस. मला माझा अंदाज आहे, पण तो मी तुझ्यावर लादणार नाही.

तुझ्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या वेळचं आठवतं? स्थिरचित्राला मी तांब्या, दोन वांगी आणि निळं कापड मांडायचे. निम्मा वर्ग समोरचा तांब्या सोडून मनातला तांब्या काढायचा: सरळ, गुळगुळीत, कुठेही पोचा नसलेला. मी प्रत्येकाच्या मागे जाऊन म्हणायचे, "समोरचा बघ." तुझ्या बोर्डावर मला तोच मनातला तांब्या दिसला. तो सोफा कुठल्या घरातला? त्या ब्लेझरवाल्या बाईला दिवसभर काय काम असतं? तुला माहीत नाही, म्हणून तिच्याकडे बघून काही हलत नाही. त्यात तुझा दोष नाही गं. चोहीकडून "पुढे काय?" विचारत असताना माणूस समोर येईल ते चित्र उचलतो.

मी स्वतः हे केलंय. बारावीनंतर माझ्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून मी जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या इमारतीचं चित्र चिकटवलं होतं. मुंबईला जाणं जमलं नाही. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली, शाळेला लागले. कितीतरी वर्षं ट्रंक उघडली की छातीत कळ यायची, आणि ते चित्र काढूनही टाकवेना. मग एका वर्षी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तुमच्यासारखी तीस मुलं वर्गात जमिनीवर बसून रंगवत होती. पोस्टर कलरचा वास, पाण्याचे डबे, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तेव्हा उमगलं की मला इमारत नकोच होती. दिवसभर चित्र काढणाऱ्या माणसांत बसायचं होतं, आणि मी तिथेच बसले होते. चिकटवलं त्याच दिवशी कोणी मला विचारलं असतं की या चित्रात तुला नक्की काय हवंय, तर इतकी वर्षं कळ सोसावी लागली नसती. म्हणून तुला आत्ता विचारते आहे.

आता पुन्हा कर. पण फोन बाजूला ठेव. रद्दीतून जुन्या पुरवण्या, दिवाळी अंक, बियाण्यांची माहितीपत्रकं घे आणि दुपारी दोन तास चटईवर बस. कात्री नको, हातानेच फाड. का आवडलं याचा विचार तेव्हा करू नकोस. चित्र असो, रंग असो, नुसता शब्द असो. जमलेला ढीग लगेच चिकटवू नकोस, तीन दिवस तसाच पसरून ठेव. मग एकेक कागद उलटा कर आणि पाठीमागे पेन्सिलीने लिही: हे मला कधीपासून हवंय? हे मिळाल्यावर एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता मी काय करत असेन? आणि तिसरं, हे मिळाल्याचं कोणालाच सांगता आलं नाही, तरी हवं असेल का? तिसऱ्या प्रश्नाला बरीच चित्रं गळतात. सरकारी पाटीची गाडी राहिली, तर एमपीएससी तुझी स्वतःची आहे असं समज आणि जीव तोडून कर. गळाली, तर ती बाबांची इच्छा आहे. तिचा मान ठेव, त्यांच्याशी मोकळेपणाने बोल, पण ती बोर्डावर नको.

उरलेली चित्रं पुठ्ठ्यावर टाचण्यांनी लाव. फेव्हिकॉल लावलास की काढायला जीव होत नाही, माझ्या ट्रंकेचं तेच झालं. आणि मधे जागा मोकळी सोड.

यापुढचं फार महत्त्वाचं आहे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या फाम आणि टेलर या संशोधकांचा विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. परीक्षेआधी काहींना रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायला सांगितलं की आपल्याला उत्तम गुण मिळालेत. काहींना सांगितलं, आपण अभ्यासाला बसलोय हे बघा. कुठे बसलोय, पुस्तक कसं उघडलंय, सगळं. ज्यांनी अभ्यास बघितला त्यांनी अभ्यास जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. नुसते गुण बघणाऱ्यांना तो लाभ झाला नाही. तेव्हा बोर्डावर शेवट एखादाच असू दे. बाकी कामाची चित्रं लाव: चिखलाने भरलेले हात, नोंदवही, एसटीचं तिकीट, मातीपरीक्षणाची पिशवी.

आणि अडचणही लाव. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं हाच अभ्यास केला. नुसतं गोड चित्र रंगवलं की मनाला मिळाल्यासारखं वाटतं आणि अंगातला जोर ओसरतो. इच्छा आणि तिच्या आड येणारी गोष्ट शेजारी शेजारी ठेवली, आणि इच्छा पुरी होण्याजोगी असली, की माणूस कामाला लागतो. तुमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. पुढच्या, हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. 1952 चं कांस्यपदक त्यानंतर आलं. खाशाबांच्या काळात असा बोर्ड असता, तर त्यावर पदकाच्या शेजारी वर्गणीची वही असायला हवी होती. तुझी वही, म्हणजे तुझी अडचण, कोणती? मला वाटतं, जमीन काकांच्या नावावर आहे ही एक, आणि चारचौघांत बोलताना तुझा घसा कोरडा पडतो ही दुसरी. दोन्हींची चित्रं शोध. लाज वाटू देऊ नकोस.

बोर्ड हॉलमध्ये लावू नकोस, स्टेटसलाही ठेवू नकोस. कोवळ्या रोपाला येणाऱ्या-जाणाऱ्याने हात लावलेला सोसत नाही. कपाटाच्या दाराला आतून लाव, सकाळी ओढणी काढताना दिसेल. रात्री स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या एका चौकोनात, दूधवाल्याच्या खुणेशेजारी, एकच काम लिही. "काकांकडे परसातले दोन गुंठे मागणे" एवढं छोटं. झालं की खूण कर. महिनाभर कोरा राहिलेला चौकोन दिसला तर घाबरू नकोस. त्याच्याशी जोडलेलं चित्र उतरवून पुन्हा पाठीमागचं वाच.

दर सहा महिन्यांनी काही टाचण्या हलतील. हलू देत. बावीसाव्या वर्षी सगळं ठरलेलं असायला हवं असं ज्यांनी तुला सांगितलं, त्यांनी तुझ्यावर फार ओझं टाकलंय, आणि मला त्याचा राग येतो.

येत्या रविवारी ये. माझ्याकडे जुन्या पुरवण्यांचे तीन गठ्ठे बांधून ठेवलेत, रद्दीवाल्याला दिलेले नाहीत. येताना ते कात्रण घेऊन ये, पण जपून काढ, कड फाटू देऊ नकोस. आणि आजीला विचारून मूठभर पावट्याचं बी आण. माझ्या कुंपणालगत जागा आहे.

तुझ्या,
बाई