सोफ्याचे पापुद्रे का सुटतात?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी ‘लेदरचाच आहे’ असं सांगून दुकानदाराने सोफा दिला. बिलावर ‘बॉन्डेड लेदर’ लिहिलंय. आता पापुद्रे निघून कपड्यांना चिकटतात. तुम्ही पॉलिश केलं नाही म्हणून असं झालं, असं तो म्हणतो. दुरुस्त होईल का? नवा घेताना खरं चामडं कसं ओळखावं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : पॉलिशचा काही संबंध नाही. बॉन्डेड म्हणजे चामड्याच्या कतरणींचा भुगा, चिकट रसायनात कालवून कापडावर किंवा कागदावर थापलेला. वर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, पातळ थर आणि त्यावर चामड्याच्या रेघांचा ठसा. तुमचा हात फिरतो तो या प्लॅस्टिकवर. घाम, डोक्याचं तेल आणि हवेतली ओल यांनी तो थर सुटतो. कोकणच्या दमट हवेत तर न वापरलेला सोफाही सोलपटतो. रंग मारून थोडे दिवस झाकलं जाईल, मग शेजारून सुटेल. सांगाडा मजबूत असेल तर वरचं आवरणच बदलून घ्या.

ओळखायचं म्हणाल तर वासावर जाऊ नका, तो बाटलीतही मिळतो. पाण्याच्या थेंबाची परीक्षाही (खरं चामडं थेंब शोषतं म्हणतात, ती) सोफ्याला लागू नाही, कारण खऱ्या चामड्यावरही लेप असतो. आम्ही बॅगवाले आधी कड बघतो. सोफा उलटा करायला लावा (दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या). तळाचं काळं कापड जिथे पिना मारून बसवलेलं असतं, तिथे आवरणाची कापलेली कड सापडते. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन किंवा पीयू. गुंतलेले केसाळ तंतू दिसले तर चामडं. बॉन्डेड इथे फसवतं, कारण मागून तेही पुष्कळदा लवदार दिसतं. पण नखाने खरवडलं की भुगा पडतो. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर भाळू नका. कातड्याचा खालचा, कमजोर पदर रंगवूनही तो मारतात.

बजेट आखडतं असेल तर बॉन्डेडपेक्षा जाड पीव्हीसी रेक्झिन बरं. उन्हात ते कडक होऊन तडकतं, पण ओलीत पीयूपेक्षा जास्त टिकतं. खऱ्या चामड्यालाही पावसाळ्यात बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवायचं.

तुमच्या बिलावर ‘बॉन्डेड’ स्पष्ट आहे, त्यामुळे भांडण जड जाईल. पुढच्या वेळी बैठक, पाठ आणि बाजू कशाच्या आहेत ते वेगवेगळं लिहून घ्या. पुष्कळ ‘लेदर’ सोफ्यांत बैठक तेवढी खरी असते, पाठीमागे सगळं रेक्झिन.