सेवा करायला गेलो, तर तिथेही राजकारणच!

"मॅडम, चांगलं काम करायला गेलो आणि तिथेही तेच ग्रुप, तेच राजकारण, आपल्याला कोणी विचारत नाही. सोडून देऊ का?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या इतक्या जणांनी विचारलाय, त्यात रिटायर झालेले जास्त, की आज त्यावर लिहितेच.

एक गृहस्थ होते, त्यांना सुधाकरराव म्हणू (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात). एम.कॉम., बँकेत मॅनेजर होते. रिटायर झाल्यावर पुण्यात अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत गेले, मनात एकच, पोरं सांगतील तसे त्यांचे पेपर लिहायचे, रायटर व्हायचं. पहिल्याच दिवशी कळलं की ते जमणार नाही, कारण विद्यार्थी स्वतःचा रायटर आणणार असेल तर तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा, असं तेव्हा केंद्राच्या २०१८ च्या गाइडलाइन्समध्येच होतं. नियम योग्यच होता, नाहीतर पेपर नक्की कोणाचा? पण त्यामुळे ह्यांच्या हातात आली एक वही आणि फोन. कॉलेजच्या मुलांना विचारत बसायचं, अमुक तारखेला रायटर म्हणून येशील का? मुलं हो म्हणतात आणि आदल्या रात्री मेसेज, काका सॉरी, गावी जावं लागतंय. मग पळापळ, आणि वर सेक्रेटरी बाई ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारणार, अजून रायटर का मिळाला नाही?

माझ्याकडे आले तेव्हा सुरुवातीची सेशन्स ह्या तक्रारींतच गेली आणि मी जाऊ दिली, माणसाला आधी मोकळं होऊ द्यावं लागतं. मग एकदा म्हटलं, "सेक्रेटरी काय बोलल्या, फोटोत पुढे कोण उभं राहिलं, हे सगळं मला आता पाठ झालंय. एखाद्या विद्यार्थ्याबद्दल सांगा ना."

जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "एक मुलगी आहे, टीवायची, इकॉनॉमिक्स घेतलंय. तिला डिमांड कर्व्ह कळत नव्हता. मी वाचून दाखवायचो, पण पुस्तकात 'आकृती पाहा' आलं की पुढे काय करणार? मग घरी पुठ्ठ्यावर फेविकॉलनं लोकर चिकटवली, दोन अक्ष, उभा किंमतीचा, आडवा मागणीचा, आणि एक उतरती रेषा. तिनं वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाली, सर, किंमत खाली आली की बोट बाहेर सरकतंय, म्हणजे मागणी वाढतेय!"

हे सांगताना सुधाकरराव खुर्चीत पुढे सरकून हवेत बोट फिरवत होते, आवाजच बदलला होता.

"हे काम तुम्हाला कोणी दिलं होतं?"

"कोणीच नाही."

"ग्रुपवर कौतुक झालं?"

"छे, कोणाला माहितीच नाही."

"मग त्या दिवशी त्रास का नाही झाला?"

बराच वेळ थांबले. "त्या दिवशी माझ्याकडे कोण बघतंय हे डोक्यातच नव्हतं हो."

मी विवेकनिष्ठ पद्धत मानणारी आहे, म्हणजे त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या हट्टी मागणीमुळे होतो असं मानणारी, आणि अशा क्षणी तिच्यावरचा माझा विश्वास आणखी पक्का होतो. सेक्रेटरींचं बोलणं तेच, संस्थाही तीच. सुधाकररावांना पोळत होती ती त्यांची स्वतःची मागणी, की इतकी वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाला इथेही तसंच वागवलं पाहिजे. ती त्यांना मी सांगितली असती तर वाद घातला असता, त्यांची त्यांना दिसली हे महत्त्वाचं. माझ्या अनुभवात सेवेत दुखावले जाणारे बहुतेक लोक कामामुळे दुखावलेले नसतात, रिटायरमेंटनंतर गेलेला मान ते तिथे शोधत असतात, आणि संस्थेकडे तो द्यायला वेळही नसतो, माणसंही नसतात.

म्हणून जायचं असेल तर आधी एकच काम मागून घ्या, असं की ज्यात तुमच्यासमोर प्रत्यक्ष माणूस असेल, वाचून दाखवणं, हॉस्पिटलमध्ये सोबत बसणं, काहीही. कमिटीत पहिलं वर्ष शिरू नका. सहा महिन्यांचा शब्द द्या आणि तो पाळा, मग ठरवा राहायचं का. सेक्रेटरी चिडचिड करते तर बघा, तीही बिनपगारीच असते आणि परीक्षेच्या दिवशी रायटर आला नाही तर बोलणी तिलाच बसतात. मात्र सगळंच गोड मानून घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. पैशाचा हिशोब विचारल्यावर टाळाटाळ होत असेल तर ऑडिट रिपोर्ट मागा, नोंदणीकृत ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यावाच लागतो. तरी उत्तर नाही मिळालं तर खुशाल बाहेर पडा, मनाला लावून घेऊ नका.

सुधाकरराव टिकलेत. फोनची वही अजून त्यांच्याकडेच आहे, फक्त आता प्रत्येक पेपरला एक जास्तीचा रायटर ठरवून ठेवतात. सेक्रेटरी बाईंशी अजून खटके उडतात, पण संध्याकाळी पुठ्ठे घेऊन बसतात. तुम्हालाही अशा कामात उतरायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच जा, दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि ऐन गडबडीत नव्या माणसाला शिकवायला कोणालाच फुरसत नसते.