रात्री तळपायात गोळा येतो, काय करू?

प्रश्न: मी पंचवटीत राहते, वय ५८. पोळी-भाजीचं काम आहे त्यामुळे सकाळी ६ पासून ओट्याशी उभीच. थंडी पडल्यापासून रात्री दोन-तीनला उजव्या तळपायात गोळा येतो, अंगठा आपोआप वाकडा होऊन शेजारच्या बोटावर चढतो, अगदी जीव जातो. बीपीची गोळी चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतात कॅल्शियम कमी झालंय, गोळ्या सुरू करू का?

उत्तर: ताई, गोळ्या लगेच नका सुरू करू. आधी गोळा आल्यावर काय करायचं ते सांगते, कारण त्या वेळी काही सुचत नाही. गादीवरच उठून बसा, एका हाताने अंगठा आणि बोटं धरून नडगीकडे ओढा आणि दुसऱ्या हाताने तळवा चोळत राहा. आखडलेला स्नायू ताणला की सुटतो, मग हवं तर गरम पाण्याची पिशवी.

आता रात्रीच का? झोपेत पाऊल आपसूक खाली झुकतं, तळव्याचे नि पोटरीचे स्नायू आधीच आखूड झालेले, दिवसभर उभं राहून थकलेले, त्यात नाशिकची थंडी म्हणून जाड गोधडी घ्यायची आणि ती पायाशी घट्ट खोचायची, म्हणजे बोटं अजूनच दाबली जातात. आज रात्रीच गोधडी पायाशी सैल सोडून बघा.

झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला, गुडघा सरळ, पोटरीला ताण बसला पाहिजे, ३० सेकंद थांबा, असं दोन्ही पायांनी तीन-तीनदा. नेदरलँड्समध्ये २०१२ साली पंचावन्नच्या वरच्या ८० जणांवर अभ्यास झाला होता, त्यात सहा आठवडे रोज झोपताना असे ताण देणाऱ्यांचे गोळे खरंच कमी झाले. म्हणून चार दिवसांत सोडून देऊ नका. ओट्याशी अनवाणी नको, मऊ चप्पल घाला, पोळ्या लाटताना मधेमधे स्टुलावर बसा, आणि थंडीत तहान लागत नाही तरी पाणी प्या.

कॅल्शियम कमी आहे का ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. मॅग्नेशियमचाही उतारवयातल्या लोकांना फारसा फायदा दिसलेला नाही. कुणी क्विनीन, म्हणजे मलेरियावरचं औषध, सुचवलं तर घेऊच नका, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. तुमची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर त्यानेही गोळे येऊ शकतात, पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, शुगर आणि थायरॉईडही तपासून घ्या.

आणि एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे चोळायचं अजिबात नाही.