वाचक विचारतात : आजारपणातले फोटो

प्रश्न : वडिलांना (वय ७८) चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत आहे. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात आतल्या खोलीत त्यांची कॉट आहे. फोटोत चेहरा विचित्र येतो, कधी काळे पट्टे उमटतात. बहीण म्हणते, ‘असल्या अवस्थेतले फोटो कशाला?’

उत्तर : हे वडिलांनाच विचारा. वाचा शाबूत आहे, तर हो-नाही त्यांच्याच तोंडून येऊ दे. एकदा विचारून भागत नाही. दाढी वाढलेली, कवळी काढलेली असली की आज ‘हो’ म्हणणारा माणूस उद्या ‘नको’ म्हणतो. स्पंजिंग, डायपर, लघवीची पिशवी यांचे फोटो मात्र विचारूनही काढू नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

चेहरा बिघडतो तो मोबाइल फार जवळ नेल्यामुळे. हातभर अंतरावरून नाक फुगतं, कान मागे जातात आणि वाकडं झालेलं तोंड आणखीच वाकडं दिसतं. पाच-सहा फूट मागे सरा, दुप्पट झूम लावा, चेहरा गुळगुळीत करणारं ‘ब्यूटी’ सेटिंग बंद करा. त्यांच्या उजव्या अंगाला स्टुलावर बसा. डावी बाजू गेलेल्या पेशंटचं कित्येकदा डावीकडे लक्षच जात नाही. तिकडून हाक मारलीत तरी नजर मिळणार नाही. मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. उभ्यानं, वरून काढलेल्या फोटोत माणूस नुसता पडलेला दिसतो.

पट्टे ट्यूबलाइटचे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हातानं बदलता येतात तो) शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. त्यापेक्षा ट्यूब बंद करून खिडकी उघडलेली बरी. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पांढरं धोतर एकपदरी बांधा, आणि पलीकडच्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरायला सांगा. डोळ्यांखालच्या सावल्या फिक्या होतात. फ्लॅश नकोच.

जेवणानंतर घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यांना अर्धा तास टेकून बसवत असालच. फोटोची वेळ तीच. दोन तासांनी कूस बदलायची वेळ झाली की मोबाइल खाली.

प्रश्न : आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, ती घरीच आहे, डोळे उघडत नाही. आता परवानगी कुणाची घ्यायची?

उत्तर : पूर्वी ती याबद्दल काही बोलली असेल तर तेच धरा. नसेल, तर चेहरा सोडा, हात घ्या. हडकलेल्या मनगटावरून बांगड्या कोपराकडे सरकलेल्या असतात, तेवढंही पुरतं. श्वासात मोठे खंड पडू लागले की कॅमेरा बाजूला ठेवा. ओल्या कापसानं ओठ भिजवायला दोन्ही हात मोकळे हवेत.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. भावंडांना पाठवायचे तर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर बारीक तपशील हरवतो. ४ × ६ इंची प्रिंटला १२०० × १८०० पिक्सेल लागतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात अल्बम भिंतीला लागून ठेवू नका. ओलीनं फोटो प्लॅस्टिकला चिकटतात आणि सोडवताना चेहराच निघून येतो.