दहावी झालेल्या मुलाला ओळखीच्या वायरमनच्या हाताखाली पाठवू, की आयटीआय करून अप्रेंटिसशिप?

आयटीआय करा, दादा. मुलगा दहावीला विज्ञान-गणित घेऊन पास झालाय, तर कोल्हापुरात कळंबा रोडच्या सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा ऑनलाइन फॉर्म भरा. मेरिटमध्ये नंबर नाही लागला तर वायरमन ट्रेड आहे. दोन्ही 2 वर्षांचे. सुट्टीत ओळखीच्या माणसाबरोबर जाऊ दे की, पाइप टाकायला, वायर ओढायला हात बसेल. पण नुसतं तेवढ्यावर ठेवू नका. मी शिरोलीत फाउंड्रीचं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. कामाला वाघ असलेली पोरं केवळ सर्टिफिकेट नाही म्हणून महावितरणच्या विद्युत सहायक भरतीचा फॉर्मसुद्धा भरू शकत नाहीत, तेव्हा फार वाईट वाटतं.

आयटीआयनंतर 1 वर्षाची अप्रेंटिसशिप. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसी, नाहीतर महावितरण. पालक पहिल्यांदा स्टायपेंड विचारतात. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिना किमान 7,000 रुपये धरले होते. पण तुम्ही आधी हे विचारा, की पोराला शिकवणार कोण? घरच्या वायरिंगमध्ये न दिसणारं बरंच काही कारखान्यात असतं: मोठी मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर, कंट्रोल पॅनेल, मोटरचं इन्सुलेशन मेगरनं (त्यासाठीच्या खास मीटरनं) तपासणं. बंद पडलेल्या मशीनचा फॉल्ट वायरिंगचं ड्रॉइंग समोर ठेवून एकेक टप्पा तपासत शोधायचा, हे जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच येतं. वर्षभर पंखे पुसायला आणि सामान उचलायला लावणार असतील, तर तिथं घालू नका.

दुसरी चौकशी सेफ्टीची. पॅनेल उघडण्याआधी सप्लाय बंद करून स्विचला कुलूप लावतात का? की नुसतं "बंद केलंय, घाल हात" म्हणतात? बंद केलेला सप्लाय मीटर लावून तपासतात का? याचं धड उत्तर मिळालं नाही, तर स्टायपेंड कितीही असू दे, पोराला आणा परत.

करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेलाच हवा. 1961 च्या कायद्याप्रमाणे प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, तोंडी बोलणीवर तुम्ही काय दाखवणार? मुलगा 18 च्या आत असेल तर करारावर तुमचीच सही लागेल, तेव्हा वाचून करा. वर्ष संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हे त्यालाही आत्ताच सांगा. पुढं शिकावंसं वाटलं, तर आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतो.