“पुन्हा घेतलंस तर...” हे घरात बोलायचं का?

“मॅडम, आत्ता कुठे तो त्यातून बाहेर आलाय. ‘पुन्हा घेतलंस तर असं कर, तसं कर’ असं सांगायचं म्हणजे आपणच त्याला वाट दाखवल्यासारखं नाही का होणार?”

मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला की आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. या वेळी विचारणाऱ्या काकू मुंबईच्या उपनगरातल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत). मुलगा २६ वर्षांचा, काही वर्षं ब्राउन शुगर, म्हणजे गर्द (अशुद्ध हेरॉइन), पन्नीवर ओढणारा. तीन महिने केंद्रात राहून आला होता. अंग भरलं होतं, वेळेवर जेवत होता. काकांचं तर स्पष्टच म्हणणं होतं, “चांगलं चाललंय ना? मग अभद्र कशाला बोलायचं?”

मुलाशी एकट्याशी बोलले तेव्हा त्याने त्याच्या मित्राबद्दल सांगितलं. तो मित्र तुरुंगातून सुटला आणि त्याच आठवड्यात गेला. “ताई, त्याने काही जास्त घेतलं नव्हतं. आधी घ्यायचा तेवढंच. घरचे म्हणाले, घोरत होता, गाढ झोप लागली असेल म्हणून उठवलं नाही.”

घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून मी बोलायला सुरुवात केली ती इथूनच. रोज गर्द घेणाऱ्याचं शरीर हळूहळू त्या मात्रेला सरावतं. घेणं थांबलं की हा सराव काही दिवसांत, आठवड्यांत उतरतो. डोक्यातला हिशोब मात्र जुनाच राहतो. पूर्वी जेवढ्यात जेमतेम टर्की (नशा न मिळाल्यावर होणारा त्रास) थांबायची, तेवढंच आता श्वास थांबवू शकतं, कारण हे द्रव्य मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्रालाच मंद करतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या १२ पटींहून अधिक होतं आणि त्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण अमली पदार्थांचा अतिडोस हेच होतं. केंद्रातून किंवा रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्यालाही हाच धोका असतो. म्हणजे घरच्यांना ‘सुटलो एकदाचे’ असं वाटतं, नेमका तोच काळ सर्वांत नाजूक.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “हे आम्हाला केंद्रातून निघताना कुणी का सांगितलं नाही?” त्यांचा राग रास्त होता. घरी सोडताना प्रत्येक कुटुंबाला हे सांगितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वाट दाखवण्याबद्दल सांगायचं तर ती वाट मुलाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. पुडी कुठे मिळते हे त्याला आपल्याकडून कळायचं नसतं. घरात या विषयावर बोलायला बंदी असली तर तो घेणार नाही असं होत नाही. तो लपून, एकटा, संडासाची कडी लावून घेईल, एवढंच होतं. आणि एकट्याने घेतलं की वाचवायला जवळ कुणी नसतं.

मुलाने स्वतःच मान्य केलं, “मन डळमळलं तर आधी बहिणीला फोन करीन. आणि घसरलोच, तर दार लावून घेणार नाही.” हे बोलताना काकांनी मान खाली घातली होती, पण ते उठून गेले नाहीत. गर्दबरोबर दारू किंवा झोपेच्या, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या घेणं किती घातक, हेही तिथेच बोललो. या तिन्ही गोष्टी श्वास मंद करतात आणि एकत्र आल्या की धोका कितीतरी वाढतो.

मग ओळखायचं कसं? हाका मारून, हलवून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळूनही जाग येत नाही. श्वास फार सावकाश, अडखळत, घशात घरघर. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. असं घोरणं म्हणजे झोप नव्हे. लगेच १०८ ला फोन करायचा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकत नाही. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, नाडीही लागत नसेल तर छातीवर दाब द्यायचा. मिठाचं पाणी पाजणं, उलटी काढणं, कांदा हुंगवणं, थंड पाण्याखाली धरणं यातलं काहीही करायचं नाही. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं. रुग्णालयात नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, ते काही मिनिटांत श्वास परत आणू शकतं. पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो. नंतर गर्दचा अंमल पुन्हा चढू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी लगेच घरी आणायचं नाही.

“आणि पोलीस?” काकांचा हा पहिलाच प्रश्न. रुग्णालयात एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद होऊ शकते, चौकशीही होऊ शकते, हे मी लपवलं नाही. पण एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनाधीन माणसाला, तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर, खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. पोलिसांच्या भीतीने घालवलेली दहा मिनिटं मात्र कुठल्याच कायद्याने परत मिळत नाहीत.

पुढे मुलाला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवलं. तिथे त्याला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू झाली. “एक नशा सोडून दुसरी लावली,” असं एका नातेवाइकाने ऐकवलं. मी ते अजिबात मान्य करत नाही. नियमित मात्रेत, देखरेखीखाली मिळणाऱ्या या औषधाने तलफ आणि टर्की आटोक्यात राहते आणि घेत असेपर्यंत मृत्यूचा धोका निम्म्याहूनही कमी होतो. ते कधी थांबवायचं हे डॉक्टरांनी ठरवावं, नातेवाइकांनी नव्हे.

दोनेक महिन्यांनी तो एकदा घसरला. त्या रात्री त्याने बहिणीला फोन केला. ती येईपर्यंत काकू त्याच्याजवळ बसून राहिल्या, त्याचा श्वास बघत, ओरडल्या नाहीत. वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः डॉक्टरांकडे गेला आणि त्यांनी गोळीची मात्रा बदलली. आता तो एका गॅरेजमध्ये कामाला जातो, औषध चालू आहे.

तुमच्या घरी कुणी केंद्रातून किंवा तुरुंगातून परत येणार असेल, तर हे बोलणं तो यायच्या आधी किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांतच करा. कसं बोलायचं सुचत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो आणि तो घरच्या माणसांनीही करता येतो.