लेकीला पत्रकारितेला घालू का, आणि त्यासाठी रान विकू का?

नमस्कार दादा,

अंबाजोगाईहून आलेलं तुमचं चार पानी पत्र वाचलं, त्यातली तीन पानं नुसती हिशोबाची आहेत, एसटीचे कंडक्टर शोभता बघा. थोडक्यात मला समजलं ते असं: लेक बारावी आर्ट्सला 81 टक्क्यांनी पास झालीय, तिला पत्रकारितेची डिग्री करायचीय, पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतोय की सीट भरत आल्यात लवकर या, तीन वर्षांची फी आणि होस्टेल धरून आकडा नऊ-दहा लाखांवर जातोय, त्यासाठी दीड एकर रान काढायचं तुमच्या डोक्यात आहे, आणि मेहुण्याचं म्हणणं की "माईक घेऊन गावभर फिरायला डिग्री कशाला लागते". शेवटी वहिनींचा एक प्रश्न आहे, त्याचं उत्तरही शेवटीच देते.

आधी रानाचं बोलू. विकू नका.

आता लेकीचं. तिला अडवूही नका. या दोन गोष्टी तुम्ही एकात एक गुंतवून टाकल्यात म्हणून तुम्हाला झोप नाही. पत्रकारिता शिकायची म्हणजे तेच विद्यापीठ, तोच चकचकीत स्टुडिओ असं काही नसतं. मी स्वतः एका मराठी दैनिकात अकरा वर्षं काढली, आधी तालुक्याला बातमीदार आणि मग डेस्कवर उपसंपादक, त्यामुळे सांगते ते ऐकीव नाही. नोकरीला आलेल्या पोरांना आम्ही कधीच विचारलं नाही की तुमच्या कॉलेजात किती कॅमेरे होते. समोर पीटीआय या वृत्तसंस्थेची एक इंग्रजी कॉपी ठेवायचो आणि म्हणायचो, करा याची मराठी बातमी, अर्धा तास आहे. तिथंच निम्मे गळायचे. आणि हल्ली तर तो अनुवाद सॉफ्टवेअर दोन मिनिटांत करून देतं, चुकीचं का होईना, म्हणजे नुसतं भाषांतर येतंय त्याची डेस्कवरची जागा तशीही हलायला लागलीय. जो बाहेर जाऊन चार माणसांना विचारून नवीन काहीतरी घेऊन येतो त्याला अजून तरी मरण नाही.

मग डिग्रीत काय मिळतं? मिळतं ना, खोटं कशाला बोलू. मेहुण्यांना सांगा की बलात्कार पीडितेचं नाव छापलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा होतो, अल्पवयीन मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम 23 आहे, बदनामीचं कलम आता 356 झालंय, आणि गावोगावचे माईकवाले हे रोज तोडत असतात, कारण त्यांना कुणी शिकवलंच नाही. माध्यम कायदा हा पेपर पोरं रट्टा मारून सोडवतात पण पुढे वकिलाची नोटीस आली की तोच आठवतो. शिवाय संपादन, मुलाखत कशी घ्यायची, आकडेवारी कशी वाचायची, कॅमेरा, एडिटिंग, जाहिरात, जनसंपर्क. आणि इतिहास, म्हणजे 1832 च्या जानेवारीत बाळशास्त्रींनी दर्पण काढलं ते अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मराठीत का काढलं, बाबासाहेबांना 1920 साली मूकनायक का काढावं लागलं, हे नीट शिकवणारा मास्तर भेटला तर पोरगी बदलूनच जाते. भेटला तर हं. सगळी गोची तिथंच आहे.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा स्टुडिओ दाखवायला नेतीलच, बघून घ्या, एसी पण छान असतो. पण मग तुम्ही आणि लेक मिळून चार गोष्टी विचारा, लाजू नका, तुम्ही रोज दीडशे माणसांशी हुज्जत घालता. शिकवणाऱ्यांपैकी कितीजण पेपरात नाहीतर चॅनलमध्ये काम केलेले आहेत, कॉलेज स्वतःचा पेपर काढतं का आणि काढत असेल तर मागचे तीन अंक हातात द्या म्हणावं (बऱ्याच ठिकाणी इथंच तोंडं बघण्यासारखी होतात), इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की पोरांनी पोरांची शोधायची, आणि परीक्षा कुठल्या भाषेत. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांचे नंबर मागा, कॉलेजने निवडून दिलेले नको, लेकीला इन्स्टावर शोधू दे, आणि आता काय करताय एवढंच विचारा. ब्रोशरवरचे फोटो त्याच त्या पाच जणांचे असतात.

पर्याय काय, ते सांगते.

मुंबई विद्यापीठाचा तो जुना बीएमएम, म्हणजे मास मीडियाचा पदवी कोर्स, 2019 पासून त्याचं नाव बीएएमएमसी झालंय, मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशन. तिसऱ्या वर्षाला पत्रकारिता किंवा जाहिरात यातलं एक निवडायचं. जुन्या नावाजलेल्या कॉलेजांत हा कोर्स विनाअनुदानितच असतो, म्हणजे साध्या बीएपेक्षा फी बरीच जास्त, पण तुम्हाला सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. खर्च होतो तो मुंबईत राहण्याचा. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालतो, काही कॉलेजांनी मराठीतूनही सुरू केला होता, तो सध्या कुठे चालू आहे ते फोन करून विचारा, वेबसाइटवर विश्वास ठेवू नका. आणि कॅटलॉगमध्ये चार वर्षं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, नवीन शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं आहे, तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं.

दुसरा रस्ता, आणि माझी लेक असती तर मी याच रस्त्याने पाठवली असती: आधी साधं बीए, पण अर्थशास्त्र नाहीतर राज्यशास्त्र घेऊन, अंबाजोगाईत किंवा लातूरला, घरचं खाऊन. पत्रकारिता नंतर. संभाजीनगरला विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग आहे, नांदेडला माध्यमशास्त्र संकुल आहे, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट तर तुम्ही ऐकलंच असेल, आणि अमरावतीला आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेचं केंद्र आहे तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा चालतो. सगळीकडे पदवीनंतरच जायचं. यात काय होतं की पोरगी न्यूजरूममध्ये जाते तेव्हा तिच्याकडे एक विषय असतो. आमच्या डेस्कवर बजेटच्या दिवशी मास मीडियावाली हुशार पोरं गप्प बसायची आणि बीए इकॉनॉमिक्स झालेला एक बुटका मुलगा राजा असायचा त्या दिवशी, महसुली तूट आणि राजकोषीय तूट यात फरक काय हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच माहीत होतं.

पण हा रस्ता लांब आहे, आणि अठराव्या वर्षी पोरींना लांब रस्ते पटत नाहीत हे मला माहीत आहे. ती म्हणाली मला आत्ताच मीडियात जायचंय, तर भांडण करू नका, मुंबईचा पर्याय धरा.

पैशाचं एक. 2024 मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ केली ती योजना तुम्ही ऐकून आहात, पत्रात लिहिलंय. त्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी असं आहे, पण खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं त्यात धरलेली नाहीत, आणि तुम्हाला फोन करणारा माणूस हे आपणहून सांगणार नाही. बाकीच्या कॉलेजांतही तुमचा नेमका कोर्स यादीत बसतो का हे प्रवेश घ्यायच्या आधी ऑफिसातल्या क्लार्कला विचारा, महाडीबीटीचं, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं, काम तोच बघतो, प्राचार्यांना काही माहीत नसतं.

नोकरीचं आता खरं सांगते, ऐकून खाली बसा. पहिला पगार मराठी माध्यमांत बऱ्याच ठिकाणी वीस हजारांच्या आतबाहेर. तालुक्याचा स्ट्रिंगर असेल तर बातमीमागे पैसे, आणि तेही कधी मिळतील देव जाणे. मला पहिल्या वर्षी वर्धापनदिन पुरवणीसाठी जाहिराती आणायचं टार्गेट दिलं होतं, एका साखर कारखान्याची अर्धं पान आणली, शाबासकी मिळाली, आणि तीन महिन्यांनी त्याच कारखान्याच्या थकलेल्या ऊस बिलाची बातमी केली ती पानावर लागलीच नाही. कुणी नाही म्हटलं नाही, नुसती लागली नाही. हे लेकीला वाचून दाखवा. यानंतरही तिला जायचं असेल तर ती जाईल.

सगळ्यांनाच न्यूजरूममध्ये राहावं लागत नाही म्हणा. पोरं पीआर एजन्सीत जातात, कंपन्यांचं सोशल मीडिया बघतात, स्क्रिप्ट लिहितात, आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागात हंगामी काम मिळतं, पॉडकास्ट करतात. सरकारी नोकरीचं तुम्ही विचारलंत: माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकारी वगैरे पदं असतात, एमपीएससीमार्फत भरतात, आणि तिथे पत्रकारितेची डिग्री किंवा डिप्लोमा कामाला येतो. फक्त जाहिरात रोज निघत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर घर बांधू नका.

आता एक काम सांगते, प्रवेशाच्या आधीच करायचं. लेकीला एक महिना द्या आणि म्हणा, एक बातमी करून दाखव, रील नको, बातमी. विषय तुमच्या घरातच आहे. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तुम्ही स्वतः रोज ते फाडता. अंबाजोगाईच्या आठवडी बाजाराला आता खेड्यातून किती बायका जास्त येतात, कुठल्या गावच्या, पूर्वी कशाने यायच्या, वाचलेल्या पैशाचं काय करतात, वडापवाल्या जीपचा धंदा बसला का, गाडीत गर्दी वाढली पण फेऱ्या वाढल्या का. फेऱ्यांचे आकडे डेपोतून तोंडी मिळणार नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकू दे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. निदान पंधरा बायकांशी बोलायचं, नाव, वय, गाव वहीत. आणि सहाशे शब्दांत लिहायचं, सहाशेच. सोबतीला पारी ही खेड्यापाड्यातल्या बातम्यांची वेबसाइट वाचायला सांगा, पी. साईनाथांनी 2014 ला सुरू केलेलं, मोबाइलवर फुकट आहे, मराठीतही आहे, ऊसतोडीच्या बायकांवर वगैरे तुमच्याच भागातलं चिक्कार सापडेल. ते वाचून तिला कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

एकच पथ्य. तुमच्या डेपोवरची बातमी आहे म्हणून तुम्ही तिला आतले कागद द्यायचे नाहीत, आणि तुमचं म्हणणं बातमीत घालायचं नाही. बाप त्याच खात्यात आहे हे मात्र तिनं खाली एका ओळीत लिहायचं. झालं की मला पाठवा, मी लाल पेन लावून परत पाठवीन, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं, माझी पहिली कॉपी तर संपादकांनी चुरगाळून टाकली होती.

वहिनींनी विचारलंय की रात्रीची ड्युटी असते का. असते वहिनी. पेपरचं पान रात्री उशिराच सुटतं, चॅनलला तर चोवीस तास, आणि निवडणूक, पूर, दंगल काही झालं की घड्याळ विसरायचं. नोकरी घेताना रात्रीचं घरी सोडायला गाडी आहे का हे लेखी विचारायला तिला सांगा, लाजायचं काम नाही त्यात. बाकी दादा मुक्कामी गाडीवर गेले की तुम्ही इतकी वर्षं काय करता, दाराला कडी लावून झोपताच ना. सकाळी फोन येतो, पोचलो म्हणून. तिचाही येईल.